देवरावची नळी

निरोगी माणसाचं रक्त मिळवण्याइतकं कठीण काम दुसरं नाही, असं मी म्हटलं तर तुम्ही हसाल. पण आजारी माणूस मुकाट्यानं हात पुढे करतो. धडधाकट माणसाला सुई दाखवा, त्याला लगेच शेवटची एसटी आठवते. "मले काई झालंच नाई तं रगत काऊन देऊ?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही त्याला उत्तर देईन.

वर्धा जिल्ह्यातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या बायोकेमिस्ट्री लॅबमध्ये मी टेक्निशियन होते. आता निवृत्त होऊन बोरगाव मेघेच्या घरी बसले आहे. आमचं काम सांगायला सोपं. रक्त काढायचं, नळीत भरायचं, यंत्रात फिरवायचं, तपासायचं आणि आकडा लिहायचा. पेशंट बरा झाला की डॉक्टरांच्या पाया पडतो, सिस्टरला पेढे देतो आणि आमच्या खिडकीसमोरून जाताना नुसता दंड चोळतो. माझी तक्रार नाही. आकडा बरोबर आला की आमचा दिवस चांगला गेला, एवढंच आमचं समाधान.

आकड्याबद्दल मी फार ताठ होते. त्याची एक गोष्ट मी लॅबमध्ये नव्या येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायची. हिंगणघाटचे एक शेठजी होते, कापसाचे व्यापारी. पायाचा अंगठा सुजून टोमॅटोसारखा झालेला. चप्पल हातात घेऊन आले होते. युरिक ऍसिड वाढलं की ते सांध्यात साचतं आणि माणसाला चादरीचा स्पर्शसुद्धा सहन होत नाही, तो हा आजार. रिपोर्ट घेऊन गेले आणि दहा मिनिटांनी लंगडत परत आले.

"बाई, साडेनऊ लय होते. आठ करून द्या ना."

मला आधी कळेचना. म्हटलं, "शेठजी, हा तुमच्या रक्तातला आकडा आहे."

"थे समजलं. पण हा कागद घरी सून वाचते. साडेनऊ पाह्यलं तं वरण बंद करन. तुरीचं वरण नाई तं मी जेवू काय? बरं, साडेआठ लिहा. दोघाईचं राह्यलं."

बाजार समितीत कापसाची बोली लावावी तशी त्यांनी माझ्या खिडकीत युरिक ऍसिडची लावली. मी ऐकते होय! म्हटलं, "शेठजी, रक्त तुमचं, आकडा रक्ताचा. मी फक्त वाचणारी. यात एका टिंबाचाही फरक माझ्या हातून होणार नाही." शेठजी बिचारे पुटपुटत गेले. मी मात्र ही गोष्ट कित्येक वर्षं मिरवली. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच, पण ते मला फार उशिरा कळलं. हा लेख त्यासाठीच लिहिते आहे.

त्याआधी आमच्या धंद्यातली एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं कळेल. काढलेलं रक्त नळीत ठेवलं की थिजतं. मग ती नळी सेंट्रिफ्यूज नावाच्या यंत्रात गरगर फिरवायची. लाल पेशी खाली बसतात आणि वर पिवळं, नितळ पाणी राहतं. त्याला सीरम म्हणतात. तपासणी त्या सीरमची होते. रक्त काढताना सुई नीट लागली नाही, नळी जोरात हलवली, तर लाल पेशी फुटतात आणि त्यांच्या पोटातलं सगळं सीरममध्ये उतरतं. मग सीरम पिवळं न राहता गुलाबी होतं. असल्या नमुन्याचे आकडे खोटे येतात. आम्ही त्याला 'हिमोलाइज्ड' म्हणतो. रजिस्टरमध्ये आणि नळीच्या चिठ्ठीवर लाल पेनानं इंग्रजी एच काढायचा आणि नळी फेकायला द्यायची. लाल एच दिसला की पुढे कोणी काही विचारत नाही. डॉक्टर नाही, साहेब नाही, कोणीच नाही.

या नळ्या फेकायचं काम देवरावचं. देवराव आमच्या लॅबचा अटेंडंट. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, आणि आम्ही नोकरीला लागलो एकाच उन्हाळ्यात. मी त्याला 'अरे देवराव' म्हणायची, तो मला 'बाई' म्हणायचा. काचेची भांडी धुणं, वॉर्डातून नमुने आणणं, खराब नळ्या औषधाच्या पाण्यात बुडवून फेकणं, सगळं त्याच्याकडे. चौथी पास माणूस, पण नळी उजेडाकडे धरून सांगायचा, "बाई, या माणसाले कावीळ हाय." आणि असायची. एकदा एक म्हातारी आजी त्याला म्हणाली, "बापू, तपासून झालं का उरलेलं रगत माह्या अंगात परत टाकजो." देवराव म्हणे, "टाकतो ना आजी, पण आता थे थंडं झालं. गरम करून देऊ का?" आजी घाबरून नाही म्हणाली. असा माणूस.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे एम.डी. करायला डॉ. निधी नावाची मुलगी आली. सांगलीकडची, हुशार, जेवणाचं भान नसणारी. पहिल्याच दिवशी मला 'मावशी' म्हणाली. मी तिला सांगितलं, "बाळा, इथे मावशी म्हटलं की लादी पुसणाऱ्या बाई बादली घेऊन येतील." तेव्हापासून मी तिची सुलभाताई झाले. तिच्या प्रबंधाचा विषय होता, हार्ट अटॅक आलेल्या माणसाच्या रक्तात प्युरीनची उत्पादनं किती वाढतात.

घाबरू नका, मी सोपं करून सांगते. तिनं मला जसं सांगितलं तसंच. आपल्या प्रत्येक पेशीत एक इंधन असतं. हृदयाचा स्नायू तर ते रात्रंदिवस जाळतो आणि ऑक्सिजनच्या मदतीनं पुन्हा भरून घेतो. रक्ताची नळी तुंबली, ऑक्सिजन कमी पडला, की इंधन भरणं थांबतं. मग ते नुसतं मोडत जातं. मोडताना त्यातून आधी एडेनोसिन निघतं, मग हायपोझँथिन, आणि शेवटी शेठजींच्या अंगठ्यातलं ते युरिक ऍसिड. ही मोडतोड करणारी एन्झाइम असतात, त्यातलं एक एडीए. म्हणजे युरिक ऍसिड ही राख समजा. निधीचं म्हणणं असं, की अटॅकसाठी आपण ट्रोपोनिन तपासतो, ते चांगलंच आहे, पण ते वाढतं स्नायूला इजा झाल्यावर. स्नायू मरायच्या आधी गुदमरतो, तेव्हाच ही राख रक्तात दिसते का?

मी तिला तेव्हाच म्हटलं, "मॅडम, राख दिसेल, पण कोणत्या चुलीची ते कसं कळणार? किडनी खराब असली तरी युरिक ऍसिड वाढतं. लघवीच्या गोळ्यांनी वाढतं. खाण्यानं वाढतं."

"म्हणून तर तीन गोष्टी एकदम मोजायच्या, ताई. आणि तेवढीच निरोगी माणसं घ्यायची. फरक दिसला तर दिसला."

हा नमुना फार नाजूक. नळीत उभ्या राहिलेल्या रक्तातही पेशी जिवंत असतात, त्या आपलं इंधन मोडत राहतात, आणि हायपोझँथिन उगाच वाढतं. म्हणून रक्त काढलं रे काढलं की नळी बर्फात, आणि लगेच यंत्रात. बर्फ ब्लड बँकेतून यायचा. आमची लॅब वरच्या मजल्यावर, ब्लड बँक खालच्या. देवराव दिवसातून तीन-चार वेळा बर्फाचा डबा भरून जिन्यानं आणायचा. उजव्या हातात नळ्यांचा रॅक, म्हणून डबा डाव्या हातात.

हे काम सुरू होऊन दोनेक महिने झाले आणि देवराव डावा हात चोळायला लागला. "बाई, हात भरून येते. या बर्फानं माह्या हाताचं लोणचं केलं." आम्ही हसायचो. मी त्याला माझ्या पर्समधली बामची डबी दिली. कधी म्हणायचा दाढ दुखते. निधी एकदा म्हणाली, "काका, दोन हातांनी धरत जा." ज्या लॅबमध्ये दिवसभर हार्ट अटॅकची रक्तं मोजली जात होती, तिथे आम्ही सगळ्यांनी मिळून असं ठरवलं की देवरावचा हात बर्फानं दुखतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ती म्हण आमच्यासारख्यांसाठीच काढली असेल.

रुग्ण भराभर मिळाले. दुर्दैवानं हार्ट अटॅकला आपल्याकडे तोटा नाही. अडलं ते निरोगी माणसांवर. पंचेचाळीस ते साठ वयाचा पुरुष, बीपी नाही, शुगर नाही, तंबाखू नाही. वर्धेत असा माणूस शोधायचा म्हणजे! नातेवाइकांना विचारलं तर ते पिशवी उचलून चहाला जायचे. एक गृहस्थ हो म्हणाले, बाहीसुद्धा वर केली, आणि मग विचारलं, "पुडी खाल्ल्यावर चालते ना?" निधी रडकुंडीला आली. तिचं काम वेळेत जमा झालं नसतं तर तिची परीक्षा पुढे गेली असती.

शेवटी देवरावच म्हणाला, "माह्यं घ्या ना. मले ना बीपी, ना शुगर. तंबाखूचा खर्रा पोरीच्या लग्नात सोडला, थे बाईले माईत हाय."

खरंच माहीत होतं मला. बीपी मोजलं, ठीक होतं. वय बसत होतं. निधीनं फॉर्मवर सही घेतली आणि 'निरोगी गट' असं लिहिलं. देवराव दिवसभर सगळ्यांना सांगत फिरला, "मी नॉर्मलवाला हाय. डॉक्टरीणबाईनं लिहून देल्लं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः त्याचं रक्त काढलं. त्याची शीर दोरीसारखी ठसठशीत, पहिल्याच टोचणीत लागली. नळी भरली, हात डाव्या बाजूला नेला, तिथे बर्फाचा डबाच नाही! डबा भरून आणणारा खुर्चीत बाही वर करून बसलेला. आम्ही दोघंही हसलो. मी म्हटलं, "जा, आण आता." तो गेला. तेवढ्यात वॉर्डातून तातडीचे नमुने आले, तो तिकडे पळाला, मी इकडे अडकले, आणि देवरावची नळी रॅकमध्ये बराच वेळ तशीच उभी राहिली. मग फिरवली. सीरम वर आलं. स्वच्छ, पिवळं, नितळ. उजेडाकडे धरून मी पाहिलं होतं, हे मी विसरू शकत नाही.

दुपारी आकडे आले. तिन्ही वाढलेले. हायपोझँथिन, एडीए, युरिक ऍसिड. थोडेथोडके नव्हे, वॉर्डातल्या माणसांच्या रांगेत नेऊन बसवावेत असे.

मी काय विचार केला, तो खरा खरा सांगते. पहिला विचार, बर्फ नव्हता. नळी उभी राहिली, म्हणून वाढलं. हे अर्धंच खरं होतं, आणि अर्धंच आहे हे मला तेव्हाच कळत होतं. बर्फाविना हायपोझँथिन वाढेल. पण एडीए कशानं वाढलं? ते लाल पेशी फुटल्या तर वाढतं, आणि पेशी फुटल्या नव्हत्या. युरिक ऍसिडला तर बर्फाशी देणंघेणंच नाही. दुसरा विचार, खरं लिहायचं तर 'बर्फ नव्हता, नमुना उशिरा फिरवला' असं लिहावं लागेल. म्हणजे इतक्या वर्षांच्या टेक्निशियननं शिकाऊ पोरीसारखी चूक केली हे रजिस्टरमध्ये कायमचं राहील. आणि तिसरा विचार निधीचा. निरोगी गटात एक असला आकडा आला की तिचे सर शंभर प्रश्न विचारणार.

देवरावचा विचार मी केला नाही. तीन विचार केले आणि त्यात तो माणूस कुठेच नव्हता.

मी लाल पेन उचललं आणि रजिस्टरमध्ये एच काढला. नळीच्या चिठ्ठीवर एच काढला. शेठजींना टिंबाचा फरक होणार नाही म्हणून सुनावणारी मी, पिवळ्या नळीवर गुलाबीची खूण केली. मग नळी फेकायच्या ट्रेमध्ये ठेवली.

संध्याकाळी देवरावला म्हटलं, "नमुना खराब झाला रे. परत द्यावं लागेल."

"कवा?"

"मी आल्यावर. उद्यापासून मी नाही. भाचीचं लग्न आहे, हिंगणघाटला."

"काई घाई नाई बाई. मी कुठी पळून चाल्लो?"

मी आठ दिवस रजेवर होते. लग्न छान झालं. जेवण चांगलं होतं, मुलाकडचे लोक साधे होते. देवरावची नळी माझ्या डोक्यात एकदाही आली नाही, हेसुद्धा लिहून ठेवते.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याचं रक्त घेतलं. या वेळी बर्फाचा डबा आधी मांडीशी घेऊन बसले. नळी बर्फात, लगेच यंत्रात, सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. सीरम पुन्हा पिवळं. आणि आकडे पुन्हा वाढलेले, मागच्यापेक्षाही जास्त. आता माझ्याकडे कोणतंच कारण उरलं नव्हतं. डोक्यात एकदम सगळं जुळलं. डावा हात. दाढ. गेल्या आठवड्यापासून तो जिन्यात मध्येच थांबत होता, असं सकाळीच कोणीतरी बोललं होतं.

मी रजिस्टर घेऊन निधीकडे गेले. लाल एचवर बोट ठेवलं. म्हटलं, "हा नमुना हिमोलाइज्ड नव्हता. मी खोटं लिहिलं."

तिनं रजिस्टर स्वतःकडे ओढलं. "ताई, तुम्ही?"

"मी. नंतर काय बोलायचं ते बोल. आधी देवरावचा ईसीजी काढ."

त्या पोरीचं मला कौतुक वाटतं. एक शब्द वाढवला नाही. मला एवढंच म्हणाली, "या आकड्यांवरून काहीच म्हणता येत नाही, ताई. पण हात दुखतोय हे आपण रोज ऐकत होतो." आणि ती धावली.

देवराव भांडी धूत होता. खाली चल म्हटलं तर ऐकेना. "काऊन? मी तं नॉर्मलवाला हाय ना. तुमीच तं लिहिलं."

"चल म्हणते ना!" मी इतकी ओरडले की त्याच्या हातातला बीकर सिंकमध्ये पडला. मग गुपचूप निघाला. जिना उतरताना मी त्याचा दंड धरला होता. असा धरायची वेळ आमच्यावर कधी आली नव्हती. तो संकोचून म्हणाला, "सोडा बाई, लोकं पाह्यतीन."

ईसीजीची पट्टी निघाली. निधीनं ती हातात घेऊन हृदयरोगाच्या सरांना फोन लावला. ट्रोपोनिन पाठवलं, मीच लावलं, वाढलेलं आलं. मग हृदयाची सोनोग्राफी. पडद्यावर हृदय आकसत होतं, सुटत होतं, आणि त्याच्या पुढच्या भिंतीचा एक तुकडा नुसता पडून होता. हृदयरोगाच्या सरांनी त्याला विचारलं, "गेल्या आठ-दहा दिवसांत छातीत खूप दुखलं? घाम आला?"

देवराव म्हणाला, "मले आठवत नाई, साहेब. छातीत तं नाईच दुखलं."

सर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, अटॅक येऊन गेला आहे. आठवडाभरापूर्वी कधीतरी. काही माणसांना छातीत दुखतच नाही. मी विचारलं, "सर, त्याआधी सापडला असता तर?" ते म्हणाले, "तेव्हा नुसती नस तुंबत असणार. त्या वेळी आला असता तर हा भाग कदाचित वाचला असता." त्यांना माझं काही माहीत नव्हतं. त्यांनी सहज सांगितलं आणि ते पुढच्या पेशंटकडे गेले. मी तिथल्या खुर्चीवर बसले आणि रडले.

देवरावची अँजिओप्लास्टी झाली. नस मोकळी झाली. पण मेलेला तुकडा मेलेलाच राहिला. जो माणूस आयुष्यभर जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढला, तो दहा पायऱ्यांवर थांबायला लागला. त्याला खालच्या मजल्यावर नोंदणीच्या खिडकीत बसून काम दिलं. नळ्या सुटल्या, बर्फ सुटला. निधीनं तिच्या प्रबंधातून देवरावचं नाव काढलं आणि झालेला सगळा प्रकार तिच्या सरांना स्वतः सांगितला. मी माझ्या साहेबांना लेखी दिलं. मला मेमो मिळाला. तो मिळायलाच हवा होता. निधीची परीक्षा सहा महिने पुढे गेली, त्याबद्दल ती माझ्याशी कधी वाकडं बोलली नाही. तिच्या तीन आकड्यांतून पुढे काय सिद्ध झालं, काय नाही, हे सांगायचा मला अधिकार नाही. एका माणसाच्या आकड्यांनी काही सिद्ध होत नसतं. पण आकडा नेहमीपेक्षा वेगळा आला तर आधी माणसाकडे बघावं, एवढं मी त्यानंतर प्रत्येक नव्या टेक्निशियनला सांगत आले. शेठजींची गोष्ट सांगणं बंद केलं.

सगळ्यांना सांगितलं, फक्त देवरावला सांगितलं नव्हतं. रोज सकाळी त्याच्या खिडकीसमोरून वर जायची. "काय म्हणतोस, देवराव?" "मजेत हाय, बाई." बस्स. निवृत्तीला पंधरा दिवस राहिले तेव्हा मात्र मला राहवलं नाही. एका रविवारी दुपारी त्याच्या घरी गेले. बायकोनं चहा ठेवला. देवराव अंगणात खाट टाकून बसला होता. मी इकडचं तिकडचं काही न बोलता सगळं सांगून टाकलं. बर्फ नव्हता, आकडे वाढले होते, सीरम पिवळं होतं, आणि मी लाल एच काढला. म्हटलं, "तेव्हाच तुला खाली नेलं असतं तर आज तू जिना चढत असतास. मला शिव्या दे, काय द्यायचं ते दे."

देवराव खाटेची सैल दोरी ओढून बसवू लागला. रागावला नाही. मग म्हणाला, "बाई, थे नळी मीच तं फेकली."

"तू?"

"एचवाल्या नळ्या कोण फेकते? मीच ना. माह्यंच नाव पाह्यलं म्हणून उजेडाकडं धरली. पिवळी धम्मक! मी म्हटलं, बाईनं एच लिहिलं अन् मले पिवळी कशी दिसून राह्यली? बाई तं कधी चुकत नाई. म्हंजे माह्ये डोळेच गेले."

"मग?"

"मंग काय. तुमी हिंगणघाटले गेल्ता. मी दुसऱ्या दिवशी खाली डोळ्याच्या ओपीडीत लाइन लावली. लय गर्दी होती. उभ्या उभ्या हात असा भरून आला, सारं अंग घामानं ओलं झालं. मी समजलो गर्दीचा घाम हाय, म्हून साहेबाले सांगाचं ध्यानातच आलं नाई. भिंतीले टेकून जमिनीवरच बसलो. म्हटलं, आता इतक्या वेळची लाइन कायले सोडू? नंबर आला तसा उठलो, आत गेलो. डॉक्टरनं बत्ती मारून दोनी डोळे पाह्यले, बारके अक्षरं वाचाले लावले, अन् म्हणे, काका, तुमची नजर एकदम चांगली हाय."